आखाजीचे बेदाणे

"आजून पानी शे."

एक बेदाणा उचलायचा, अंगठा आणि तर्जनीत धरून दाबायचा, डोळे बारीक करून बोटांकडे बघायचं आणि हे म्हणायचं. बोटं ओली दिसोत न दिसोत, निकाल हाच. मग तो बेदाणा परत जाळीवर टाकून अक्का पदराने बोटं पुसायच्या आणि माझ्याकडे अशा बघायच्या, जणू तो ओला राहण्यात माझाच काही हात आहे.

तुमच्याही गल्लीत असं एखादं माणूस असेल, जे उन्हाळा आला की गच्चीवरच राहायला जातं. आमच्या धुळ्यातल्या देवपुरात ते माणूस म्हणजे अक्का. मी शाळेतली शिक्षिका, खाली राहायचे. त्या वरच्या एका खोलीत एकट्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगा सुरतेला कापडाच्या मिलमध्ये, रविवारी फोन करायचा. फोन संपला की त्या तो पदराला पुसून गादीखाली ठेवून द्यायच्या, पुढच्या रविवारपर्यंत.

मार्च-एप्रिलमध्ये गल्लीतल्या बाकीच्या गच्च्यांवर कुरडया, पापड, बिबडे. बायकांचा घोळका, गप्पा, एकमेकींच्या चिका-पिठाला नावं ठेवणं. अक्कांच्या गच्चीवर मात्र द्राक्षं, आणि द्राक्षांना मदतीला कोण येणार? बेदाणे घरी करायचे असतात हेच कुणाला पटत नव्हतं. "बाजारात किलोवर मिळतात की, अक्का!" असं म्हणून सगळ्या पापडांकडे वळायच्या.

हंगामाच्या शेवटी गाडीवर जी घडातून सुटलेली द्राक्षं मिळतात, ती अक्का आणायच्या. पातेल्यात पाणी उकळायचं, द्राक्षं फडक्यात बांधून त्यात क्षणभर बुडवायची, सालीला बारीक तडे गेले की लगेच बाहेर. मग खाटेवर ताणलेल्या जाळीवर एकेक सुटी पसरायची. वर जुन्या पांढऱ्या पातळाची सावली. उन्हात काळी पडतात, सावलीत सोनेरी राहतात, हे त्यांचं म्हणणं. धुळ्याच्या उन्हात सावलीही भाजून काढते, त्यामुळे आठवडाभरात द्राक्षं सुरकुततात. शेवटी फडक्यात चोळून देठ काढायचे आणि बरणी भरायची.

बरणीतले निम्मे त्या आखाजीसाठी राखायच्या. उरलेले कुठे पडतील याचा नेम नसे. शिऱ्यात, खिरीत ठीक आहे हो. एकदा त्यांनी दिलेल्या शेवभाजीत मला बेदाणा लागला. झणझणीत रश्श्यात तो मऊ गोड गोळा दाताखाली आला आणि मी दचकलेच.

"अक्का, शेवभाजीत?"

"पडना व्हई. तोंड गोड व्हयनं ना? मंग?"

आता आखाजीचं सांगते. अक्षय तृतीयेला आमच्या खानदेशात आखाजी म्हणतात आणि तिच्यापुढे दिवाळीसुद्धा फिकी. गेलेल्या माणसांच्या नावाने पाण्याची घागर भरायची, वर खरबूज आणि गोड सांजा भरलेली सांजोरी ठेवायची. आणि लेकींनी माहेरी जायचं, झोके घ्यायचे. पण आपलं आपण उठून नाही जायचं. भाऊ न्यायला येतो, त्याला मुऱ्हाळी म्हणतात. येताना तो ऐटीत येतो आणि जाताना बहिणीची पिशवी आपल्या खांद्यावर घेतो.

अक्कांचा मुऱ्हाळी येणं बंद झालेलं होतं. माहेर साक्री तालुक्यात, द्राक्षाचं. वडील गेल्यावर धाकट्या भावाने हक्कसोडीचा कागद पुढे केला. बहिणी करतात तशी अक्का सही करणारच होत्या. फक्त एवढंच म्हणाल्या, की विहिरीकडच्या वेलींच्या दोन ओळी माझ्या. लग्नाआधी कळशीने पाणी घालून त्यांनीच त्या जगवल्या होत्या. त्यांना जमीन नको होती, हंगामात चार घड तोडायला हक्काने जाता आलं पाहिजे, एवढंच हवं होतं. भावाने ऐकलं ते वेगळंच. बहीण हिस्सा मागते, असं गावभर झालं. अक्कांनी मुकाट्याने सही केली, पण भाऊ फिरकला नाही.

तरी दर वर्षी त्या सांजोऱ्यांपुरते बेदाणे करायच्या, पिशवीत दोन पातळं घालून ती दाराशी ठेवायच्या. आखाजी होऊन गेली की पातळं परत पेटीत.

मला राग यायचा. "एस.टी. आहे, दोन तासांत पोचाल. तुम्हीच जा ना!"

"मुऱ्हाई नही, बलावनं नही, आन मी जाऊ? मी काय उधळेल शे का?"

आणि मग एका वर्षी, आखाजीच्या थोडं आधी, तो धाकटा भाऊ आला. पांढरी टोपी, पायात धूळ, दारात उभा राहून घसा खाकरत होता. अक्का गच्चीवरून इतक्या घाईत उतरल्या की मीच ओरडले, "पडाल!" मी चहा टाकला. दोघं समोरासमोर बसली आणि कितीतरी वेळ नुसता पाऊसपाण्याचा विषय. शेवटी तो म्हणाला, "चाल अक्का. लेवाले उनू."

नेमकं त्या आठवड्यात आभाळ भरून आलेलं. जाळीवरची द्राक्षं अर्धी ओली. अक्का हरखल्याही आणि कावऱ्याबावऱ्याही झाल्या. माहेरी जायचं ते इतक्या वर्षांनी, आणि रिकाम्या हाती?

"चार दिन थांब ना भाऊ. मना अंगूर वाळू दे, मंग येसू."

त्याचा चेहरा उतरला. अर्धा चहा तसाच ठेवून तो उठला. "बरं," म्हणाला आणि गेला. अक्कांना काही कळलं नाही. त्यांच्या मते तो चार दिवसांनी येणार होता.

पुढचे दिवस त्या जाळीपाशीच बसून होत्या. द्राक्षं वाळली, बरणी भरली, पिशवीही भरली. आखाजीच्या सकाळी त्या नवं पातळ नेसून जिन्यात बसल्या. गल्लीत पोरींचे झोके चालले होते. दुपारी मी जेवायला बोलावलं तर म्हणाल्या, "आते येईच तो. तठेच जेवसू." ऊन कलल्यावर त्या उठून वर गेल्या. इतकं एकटं माणूस मी त्याआधी पाहिलं नव्हतं. त्या वेळी पिशवी मात्र त्यांनी रिकामी केली नाही, बरणीसकट दाराशीच ठेवली.

पावसाळ्यात, श्रावणात, अक्का झोपेतच गेल्या. मुलगा सुरतेहून आला, खाट-भांडी वाटून टाकली. पिशवी माझ्या हातात देऊन म्हणाला, "मावशी, हे तुम्हीच ठेवा."

पुढच्या आखाजीच्या आदल्या दिवशी भाऊ आला. बातमी त्याला होतीच. मी विचारण्याआधी तोच बोलू लागला. त्या वर्षी गारपिटीनंतर त्याने सगळी बाग उपटून कांदा लावला होता. विहिरीकडच्या त्या दोन ओळीही गेल्या होत्या. ते सांगायचं कसं, या धाकातच तो तिला न्यायला आला होता.

"आन तिनी अंगूरनंच नाव काढं. माले वाटनं, टोमना मारी राहिनी."

मी आतून पिशवी आणली आणि बरणी त्याच्यासमोर ठेवली. त्याने झाकण उघडलं, एक बेदाणा घेतला, अंगठा आणि तर्जनीत धरून दाबला, थेट अक्कांसारखाच. बोटं कोरडी होती. त्याने तो बेदाणा परत बरणीत टाकला.

"लगन व्हयेल बहीननी घागर माहेरले भरतस नही," तो म्हणाला. "मी भरसू. सांजोरी याच बेदाणास्नी करसू."

मी चहा टाकला. या वेळी त्याने तो पूर्ण घेतला. मग अक्कांची पिशवी त्याने खांद्याला लावली, बरणी छातीशी धरली आणि निघाला. मी दारात उभी होते. गल्लीच्या वळणावर तो थांबला, मागे वळून थोडा वेळ बघत राहिला, मागून सावकाश येणाऱ्या म्हाताऱ्या माणसासाठी थांबतात तसा. मग हळूहळू पावलं टाकत स्टँडकडे गेला.