रेघ मारायची राहिली

कमल गेली त्याला सहा आठवडे झाले. हिंगोलीच्या दवाखान्यात माझी बायको शेवटचं एवढंच बोलली, "काळा पेन कुठंय? त्या पोरीच्या कागदावर रेघ मारायची राहिली..." नर्सला वाटलं, तापात बडबडते. मला कळलं होतं. मी मान खाली घातली.

माझी चौथी झालेली, तिची बारावी. जवळा बाजारात आमच्या पुढच्या खोलीत ती लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरायची. साइट मधीच अडकली की लोक म्हणायचे, कमलबाईनं भरलाच न्हाई. म्हणून ती एका शिबिरात कर्ल नावाचं साधन शिकून आली. काळ्या खिडकीत एक ओळ टाइप करायची, की आपण साइटला काय धाडलं अन् साइटनं काय उत्तर दिलं, अक्षरन् अक्षर खाली उमटायचं. ते छापून ती गिऱ्हाइकाला द्यायची. मी हसायचो, "सरकारवर खटला भरून राहिली का?" ती म्हणायची, "आपण काय बोललो ते आपल्याला तरी ठाऊक पाहिजे ना." देण्याआधी मात्र जाड काळ्या पेनानं एक ओळ बुजवायची. "इथं माणसाचा पासवर्ड असतो. घराची किल्लीच समजा." मी ऐकून सोडून दिलं.

तांड्यावरच्या देवसिंगच्या पोरीचा, पूजाचा, नर्सिंगचा फॉर्म होता. पोचपावतीच निघेना. दुसऱ्या दिवशी कमल दळण आणायला गेलेली, तर देवसिंग चार लोकांत म्हणाला, "भाऊ, तुमची बाई लेकरांना फसवून राहिली." माझं डोकं फिरलं. छापलेला कागद टेबलावरच होता. फॉर्म मिळाला, असं साइटचं उत्तर त्यात साफ होतं. माझ्याकडं साधा फोन, म्हणून घरी ठेवलेला तिचाच उचलला, कागदाचा फोटो काढला अन् गावाच्या ग्रुपवर टाकला. रेघ मारलेली न्हाई, हे मी बघितलंच न्हाई.

कुणीतरी त्या पासवर्डानं आत शिरलं अन् फॉर्म रद्द केला. कळेपर्यंत मुदत सरली, पोरीचं वर्ष गेलं. फोटो कमलच्या नंबरावरचा, म्हणून सगळ्यांनी तिलाच धरलं. देवसिंग आला तेव्हा ओरडला बी न्हाई. "कमलबाई, काहून केलं असं?" मी तिथंच उभा. ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "चुकलं दादा माझं."

तो गेल्यावर मी म्हणालो, "माझं नाव सांगायचं ना."

"तुमाला कोणी बोललेलं मला सोसत न्हाई," म्हणाली, अन् चहा ठेवला.

मग तांड्याचं काय, गावाचं बी कुणी आमची पायरी चढलं न्हाई. आठ महिने ती रिकाम्या खोलीत कंप्युटर पुसत बसली. मी गप. दहाव्याला देवसिंग येऊन लांब उभा राहिला... तेव्हाबी मी गप. म्हणून इथं लिहून राहिलो. फोटो मी टाकला. कमलनं न्हाई.

तो कागद परवा तिच्या टेबलात सापडला. पेन बी तिथंच होता, सुकलेला. थुंकी लावून घासला तर नुसती फिकट रेघ उमटली. खालचं सगळं वाचता येतं.