मंग म्हणायचं न्हाई

"मंग? मावशी, मंग? मंग काय झालं, सांग ना! मंग?"

मी अशी वरडत होते आन तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. तोंड एका बाजूनं खाली वढल्यावानी झाल्तं, डोळे उघडे. माझी गुड्डी कडेवरून घसरून मातीत बसली आन रडू राह्यली. पाणी आणा म्हणावं, शेतमालकाला हाक मारावी, गाडी काढा म्हणावं, ते समदं माझ्यासंगं कामाला आसलेल्या शोभानं केलं. मी फकस्त मंग मंग करत होते. जो शब्द तिच्यापुढं काढायचाच न्हाई, तोच.

तुमाला पहिल्यापून सांगते, न्हाई तर कळायचं न्हाई. मी आठवी शिकले, तेव्हा जसं येतं तसं लिहिते.

आमच्या जालन्याकडल्या टेंभुर्णीत हिरव्या जाळीचे शेडनेट लई हायेत. आत मिरची, पण खायाची न्हाई, बियाण्याची. आमी बाया तिथं क्रॉसिंगला जातो. दुपारी मादीच्या झाडाची कळी चिमट्यानं सोलून ठिवायची आन दुसऱ्या दिवशी सकाळी नराच्या फुलाची पावडर, म्हंजे पराग, त्या फुलाला लावायची. पावडर बोटातल्या रिंगमधी असती. मंग देठाला लाल लोकरीचा दोरा बांधायचा. दोरा बांधला म्हंजे लगीन लागलं. शोभा म्हणायची, "रोज हजार लग्नं लावते मी, पण एक बी जेवायला बोलवत न्हाई."

ह्या कामात हात थांबला न्हाई पायजे, तोंडाला काहीच काम न्हाई. म्हणून मावशी पिच्चर सांगायची.

मावशी म्हंजे माझी सख्खी न्हाई, आमच्या गल्लीच्या टोकाला राहायची. पन्नाशीची आसल. साडीवर मेलेल्या नवऱ्याचा पांढरा शर्ट घालायची, बाह्या दुमडून. मोबाईलवर पिच्चर बघायची, फकस्त प्रेमाचे. मारामारीचा लागला की म्हणायची, "ह्यांना घरी कुणी ढुंकून बघत न्हाई, म्हणून हाणत फिरतात." एक पिच्चर आमाला तीन-तीन दिवस पुरायचा.

पण सांगायची कशी, ते ऐका. "इथं हिरोईन रडती. ते मी घेतलं न्हाई." पुढं गेली. "इथं गाणं हाय, बर्फातलं. बिनबाह्याचं झंपर घालून बर्फात काय झक मारायला गेली, तिलाच माहीत. सोडा." पुढं गेली. "आता तो म्हणतो, तुझ्याबिगर मरून जाईन. खोटं हाय. मरणारा माणूस सांगून मरत न्हाई."

शोभा म्हणायची, "ए मावशी, समदंच गाळलं तर राह्यलं काय पिच्चरमधी?"

"जे खरं हाय ते राह्यलं."

आन खरंच राह्यचं. पोरगा पोरीच्या दाराशी येतो, दार उघडं असतं, तरी कडी वाजवतो. पोरगी त्याच्या ताटात वाढायला वाकती आन भाकर उलटी ठिवती. असलं काहीतरी. आन एक गोष्ट तर तिच्या हरेक पिच्चरमधी यायची. पोरगी गाडीत बसून निघती आन पोरगा बाहेरून रुमालानं काच पुसतो. मी एकदा म्हणलं, "मावशी, समद्या पिच्चरमधी काचच कशी पुसतात?" ती म्हणली, "चांगले पिच्चर आसतील तर पुसतात."

अशी खरी जागा आली की मावशी गप व्हायची. म्हणायची, "इथं माणूस बोलत न्हाई. आपुन बी बोलायचं न्हाई." मंग एवढ्या मोठ्या शेडनेटमधी नुसता झाडांचा आवाज. कुणी खाली बघत दोरा बांधी, कुणी नाक पुसी. कधी झाडांची अर्धी वळ, कधी पुरी वळ संपायची. मंग तिची तीच बोलायची, "हां, तर..." आन पुढचं चालू.

तवर कुणी मंग म्हणायचं न्हाई. ते मला कळायला टाईम लागला. मी नवीन होते, गुड्डी तवा चार महिन्याची. मावशी गप झाली आन मी आपली म्हणले, "मंग?"

तिनं मान बी वर केली न्हाई. "तुझा पिच्चर संपला," म्हणली.

माझाच न्हाई, समद्यांचा संपला. तीन दिवस ती बोललीच न्हाई. शोभानं मला शिव्या घातल्या, "आली मोठी मंगवाली! त्या पोराचं काय झालं, ते आता तुझा बाप सांगल का?" बाकीच्या बाया जेवायला बसताना डबा घेऊन पलीकडं सरकल्या. मी घाबरट हाय, पहिल्यापूनच. चवथ्या दिवशी मावशी माझ्या शेजारच्या वळीत आली आन बोलायला लागली. त्यानंतर तो शब्द मी तोंडातून काढला न्हाई. घरी बी जपून काढायचे.

रागीट होती का? न्हाई. माझी गुड्डी लोखंडी पाईपाला बांधलेल्या झोळीत निजायची. मावशी वळ संपवून वळली की जाता जाता झोळीला एक झोका द्यायची. बघायची न्हाई, पोरीचा मुका न्हाई, लाड न्हाई. नुसता कोपर लावून झोका. दिवसातून किती बार, मी मोजलं न्हाई. पोरगी त्याच्यावर निजायची.

एकदा जेवताना मी तिला इचारलं, "मावशी, तुझे मालक बोलायचे का असलं काही? प्रेमाचं?"

शोभा फिसकन हसली. मावशीनं चटणी वाढून घेतली. मंग म्हणली, "पहिल्या बाळंतपणाला माहेरी चालले तवा एसटीपर्यंत आल्ता. पिशवी सीटवर ठिवली. खाली उतरला. खिडकीची काच धुळीनं भरल्ती, ती बाहेरून रुमालानं पुसली. गाडी गेली."

आमी वाट बघितली. मंग मला कळलं, तेवढंच होतं.

"बस?" शोभा म्हणली.

"बस म्हंजे? सांग बरं तुझ्या नवऱ्यानं काय पुसलं आजपर्यंत?"

शोभानं डबा झाकला आन हात धुवायला उठली.

आता त्या सकाळचं सांगते. त्या पिच्चरचा दुसरा दिवस होता. पोरीचं लगीन दुसरीकडं ठरल्तं आन ज्याच्यावर तिचा जीव, तो पोरगा लायटिंगवाला. तिच्याच मांडवाला लायटी लावायला येतो. शिडीवर चढतो. ती हळदीच्या अंगानं दारात येती. मावशी म्हणली, "तिनं वर बघितलं. मंग तो शिडीवरून खाली उतरतो..."

आन गप झाली.

मी मनात म्हणलं, आली जागा. समद्याच बाया गप झाल्या. मी माझ्या वळीत, ती शेजारच्या वळीत, मधी मिरचीची झाडं छातीएवढी. मला ती दिसंना, पण त्यात नवल न्हाई, खालच्या फांदीचं फूल घ्यायला आमी खालीच बसतो. मी पावडर लावली, दोरा बांधला. लावली, बांधला. त्या पोराचाच इचार करत होते, उतरून काय करतो आता. डोळ्याला पाणी बी आल्तं, खोटं कशाला सांगू.

गुड्डी उठली आन कुरकुर करायला लागली. झोका बसला न्हाई ना तिला. झोळी जागच्या जागी थांबल्ती. ते मी बघितलं. बघितलं आन मी पोरीला काय म्हणले, "गप गं, मावशीचा पिच्चर चालू हाय." तिला काढून कडेवर घेतली, एका हातानं काम चालू ठिवलं. पुरी वळ केली मी. शेवटच्या झाडापर्यंत दोरे बांधले. त्या दिवशीचे दोरे मंग कितीतरी दिवस दिसायचे, त्याला मिरच्या धरल्या, पण ते नंतरचं.

वळ संपवून मी तिच्या वळीत वळले तर ती झाडाला टेकून बसल्ती. हातात लाल दोरा तसाच.

पिकअपमधी घालून जालन्याला नेली. मी मागं तिचं डोकं धरून. डॉक्टरनं इचारलं, "किती वेळ झाला असं होऊन?" मी म्हणले, "आत्ताच. बोलता बोलताच झालं." का म्हणले, माहीत न्हाई. घाबरले. पोलीस येतील, नाव लिहितील, मालक कामावरून काढील, काय काय आलं डोक्यात. शोभानं माझ्याकडं बघितलं. मंग तिनं मान फिरवली. मंग खरं सांगायला पुन्हा आत जावं म्हणलं, दोनदा दारापर्यंत गेले, पोरगी रडू राह्यली म्हणून वळले. पोरीचं निमित्त होतं.

सात दिवस मावशी होती. बोलली न्हाई. आठव्या दिवशी गेली.

मी रडले न्हाई. बाया म्हणल्या, दगडाच्या काळजाची कशी बाई ही, मावशी मावशी करायची आन डोळ्यात टिपूस न्हाई. मला काहीच होत न्हवतं. भाकरी केल्या, पोरीला न्हाऊ घातलं, कामाला गेले. शेडनेटमधी आता मोबाईलवर गाणे लावतात. मावशीच्या वळीत नवीन पोरगी हाय, चांगली हाय.

मधी एका दुपारी मी तो पिच्चर हुडकला. लायटिंगवाला, शिडी, हळद. पुरा बघितला. शिडीवरून उतरतो तिथं काहीच न्हाई हो. तिथं ढोल वाजतो. समदे नाचायला लागतात, तो बी नाचतो, ती बी नाचती, मंग दोघं एकमेकाला धरून रडतात आन केवढं बोलतात. तिथं गप बसायची जागाच न्हवती. काच बी कुणी पुसली न्हाई. तिच्यासारखा मी बी तो पिच्चर अगोदर बघितला आस्ता तर ही गप बसायची जागा न्हाई, हे मला त्याच मिनटाला कळलं आस्तं. पण आमाला तर तिचाच पिच्चर खरा वाटायचा.

मावशीच्या पुण्यानुमोदनाला गेले. पांढरी साडी शोभाकडून मागून घेतल्ती. एका बाजूला बुद्धाची मूर्ती, मेणबत्त्या, शेजारी मावशीचा फोटो. वंदना झाली, माणसं जेवायला उठली. मावशीचा पोरगा पुण्याला कंपनीत हाय, तो तिथंच बसून राह्यला. फोटोवर धूळ न्हवती, तरी त्यानं खिशातून रुमाल काढला आन काच पुसली. एकदाच, हळूच. रुमाल घडी करून खिशात ठिवला.

मंग माझ्याकडं वळला. "ताई, तुमी होत्या ना जवळ? आई शेवटी काय बोलली?"

मी म्हणले, "पिच्चर सांगत होत्या, दादा. पोरगा शिडीवरून खाली उतरतो, म्हणल्या."

तो जरासा हसला. आईचा नाद त्याला माहीत आसणार. डोळे पुसले न्हाईत त्यानं, तसेच ठिवले.

"मंग?" म्हणला.

गुड्डी माझ्या मांडीवर होती. लोकं पत्रावळ्या मांडून राह्यले होते. एक पुरी वळ, दादा, एक पुरी वळ आमी गप बसलो, तुझ्या आईचा मान ठिवला. हे माझ्या तोंडात आल्तं. तो बघत होता. मी खाली बघितलं, पोरीच्या झबल्याची गाठ सोडली, पुन्हा बांधली.

तो अजून बी वाट बघत आसल. तुमी काय सांगितलं आस्तं त्याला? आन त्या दिवशी शेडनेटमधी, झोळी थांबलेली बघून, तुमी म्हणलं आस्तं का मंग?