बाटलीतला पांढरा साका

मामाचा फोन आला तेव्हा मी शहरात, गारखेड्यातल्या खोलीवर अभ्यास करत होते. सिल्लोडजवळच्या आमच्या गावच्या तलावात त्यानं रोहू-कटला मासे सोडले होते. आता रोज पहाटे ते वर येऊन तोंडं उघडझाप करत होते, काही मरूनही पडले होते. शेजारच्या शेतकऱ्यानंच विषारी औषध टाकलं, असं मामाचं ठाम मत होतं. पाणी कसं दिसतं, असं मी विचारलं.

"हिरवंगार. पालकाच्या भाजीवानी."

मग मला बसवेना. एम.एस्सी.च्या वर्गात नेमकं हेच, पाण्यातला प्राणवायू तपासणं, चाललं होतं. सरांनी लगेच बाटल्या आणि दोन द्रावणं दिली, बुडबुडा न राहू देता पाणी कसं भरायचं ते पुन्हा करून दाखवलं. आमच्या घरात कॉलेज पाहिलेली मी पहिलीच. सरांचे ते उपकार मोठे वाटतात. संध्याकाळच्या एसटीनं गाव गाठलं.

उजाडताना तलावावर बाटली भरली. प्राणवायू असेल तर तपकिरी साका बसतो, नसेल तर पांढरा. द्रावणं टाकली आणि सगळं पांढरंफेक झालं.

"पाण्याचं दूध केलंस की गं," मामा म्हणाला.

दुपारी तीच परीक्षा केली, तर रंग चहासारखा. मामा म्हणाला, तुझं औषधच खोटं. मी त्याला हिरव्या पाण्याची गोष्ट सांगितली. मोठ्या पावसानं मक्याला टाकलेलं खत तलावात उतरलं, त्यावर शेवाळ माजलं. उन्हात ते प्राणवायू सोडतं, रात्री स्वतःच ओढून घेतं. मेलेलं शेवाळ कुजतानाही तोच संपतो. पहाटे माशांना काही उरत नाही.

"म्हंजे माझाच युरिया?"

"सगळ्यांचाच, मामा. तुझाबी."

पाणी उंचावरून पाडलं तर त्यात हवा मिसळेल, हे मी सांगितलं. पण पाणी उपसायचं डिझेल इंजिन होतं फक्त त्या शेजाऱ्याकडं. शेवटी मामा स्वतः गेला.

"कालपर्यंत मी खुनी होतो ना, दादा?" शेजारी म्हणाला.

"व्हय. आज इंजिन दे."

दुसऱ्या पहाटे पाइपातून धार सुटली, आणि थोड्या वेळानं मासे चहूकडून तिच्याभोवती गोळा झाले. तिथलंच पाणी बाटलीत भरून मी द्रावणं टाकली. मामा आणि शेजारी डोक्याला डोकं लावून बाटलीवर वाकले. साका बसू लागला, फिकट पण तपकिरीच.

"इंजिन बंद करू नगंस," मामा त्याला म्हणाला, "डिझेल मी आणतो."