चारशे अठरा खणांचा गौरव

रविवार, दोन फेब्रुवारी, सकाळी अकरा. रक्कम पंचवीस हजार रुपये. हजर: आमच्या वाचनालयाचे अध्यक्ष, ज्यांची नाशिकच्या गंगापूर रोडला दोन मंगल कार्यालयं आहेत, चिटणीस, म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक, ज्यांना सगळे सर म्हणतात, दोन सभासद, जे पोहे येईपर्यंत थांबतात, आणि खजिनदार म्हणून मी. विषय एकच होता. मुद्रणाच्या इतिहासाचा अभ्यास आणि जतन यातल्या योगदानासाठी वाचनालयाने यंदापासून पुरस्कार द्यायचा. पहिला कोणाला, हे ठरायला चार मिनिटं लागली. सरांना. सर तिथंच बसले होते. आपल्या नावाची चर्चा चालू असताना त्यांनी सौजन्य म्हणून खिडकीबाहेर पाहिलं.

सरांनी काय जतन केलं होतं, ते सांगतो. दोन वर्षांपूर्वी एका जुन्या जुळाऱ्याने वाचनालयाला चार लाकडी केस दिल्या. केस म्हणजे खणाखणांचा उथळ ट्रे. प्रत्येक खणात एका अक्षराचे शिशाचे खिळे. हे काका छत्तीस वर्षं एका छापखान्यात उभ्याने खिळ्यांची जुळणी करत होते. छापखाना बंद झाला तेव्हा मालकाने यंत्रं भंगारात घातली. काकांनी शेवटच्या तीन पगारांऐवजी या केस मागून घेतल्या आणि सिडकोतल्या दोन खोल्यांत पलंगाखाली सांभाळल्या. मी खण मोजले होते, चारशे अठरा. देताना काकांची अट एकच होती. खिळे पुसा, तेल लावा, पण मांडणीला हात लावू नका. कोणतं अक्षर कुठल्या खणात हे कुठंच लिहिलेलं नव्हतं. ते खणांत होतं आणि त्यांच्या हातात होतं, आणि हाताचा आता भरवसा नाही, असं ते म्हणाले होते. पावतीवर ही अट मीच लिहिली.

मग काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि ते काही महिने आले नाहीत. त्या काळात सरांनी जतन केलं. हास्यक्लबातले पाच जण बोलावून त्यांनी दोन रविवारांत सगळे खिळे उपसले आणि अ पासून ज्ञ पर्यंत वर्णमालेप्रमाणे लावले. खणाखणावर छापील लेबल. वर्षातून एकदा लागणारा ङ ऐसपैस खणात पसरला. र आणि त त्यांच्या वाट्याच्या खणांत मावेनात, म्हणून उरलेले लोणच्याच्या बरणीत भरले. लेबलांचं बिल एक हजार एकशे चाळीस रुपये. तेही मीच मंजूर केलं. मी बिलातली बेरीज तपासली, लेबलं कशासाठी हे विचारलं नाही. आकडा बरोबर असला की माझी अक्कल तिथं थांबते.

सोहळा अध्यक्षांच्याच मंगल कार्यालयात झाला. मुद्रणकलेच्या सन्मानार्थ वीस फुटी फ्लेक्स होता. स्टेजवर द्यायचा चेकसुद्धा फ्लेक्सचा, चार फूट लांब. भाषणात अध्यक्षांनी सरांना शिशातला ऋषी म्हटलं, आणि सर ते ऐकून खरोखर भारावले. मग प्रात्यक्षिक म्हणून काकांना वर आणलं. पुरस्कार सरांना आणि प्रात्यक्षिक काकांनी, यात कोणाला काही वावगं वाटलं नाही. काकांनी डाव्या हातात स्टिक धरली, ज्यात ओळ जुळवतात ती लोखंडी पट्टी. ‘सुस्वागतम’ जुळवा, असं त्यांना सांगितलं होतं. जुळारी खणाकडे बघत नाही. काकांनी समोर बघत हात टाकला, खिळा उचलला, अंगठ्याने चाचपला आणि परत ठेवला. दुसरा उचलला. तोही ठेवला.

“काका, सावकाश,” अध्यक्ष माइकवर म्हणाले. “वयानं होतं असं.”

“वय माझं झालं साहेब, खिळ्यांचं नाही. हे हलवलं कुणी?”

“आपण शास्त्रशुद्ध केलंय,” सर म्हणाले. “अ ते ज्ञ. आता कोणालाही पटकन सापडेल.”

“कोणाला?”

काकांनी स्टिक टेबलावर ठेवली. प्रात्यक्षिक संपलं असं समजून लोकांनी टाळ्या वाजवल्या. अडीचशे माणसं होती. बासुंदी चांगली होती, आणि मला वाटतं बहुतेकांना तेवढंच आठवत असेल.

बाहेर चपला घालताना काकांनी मला गाठलं.

“पावती तुम्ही लिहिली होती ना?”

“हो.”

“अट लिहिली होती?”

“होती. आणि लेबलांचं बिलही मीच पास केलं.”

“मग तुम्हाला दोन पुरस्कार पाहिजेत,” ते म्हणाले.

पुढच्या रविवारी मी चौकटी आखलेले कागद घेऊन सिडकोत गेलो. काका रिकाम्या टेबलासमोर डोळे मिटून उभे राहिले. “अक्षर विचारू नका, शब्द सांगा,” म्हणाले. मी लग्नपत्रिकेतले शब्द सांगितले, सभेच्या पत्रकातले सांगितले. त्यांचा हात हवेत जायचा आणि मी खण लिहायचो. चार रविवारांत एकशे त्रेसष्ट खण झाले. मग हात अडायला लागला. एकच अक्षर दोन ठिकाणी जायला लागलं. ते खाली बसले.

“मी उचलायचो,” ते म्हणाले. “उचलणाऱ्याला लागेल तेवढंच ठाऊक. छापून झालं की खिळे परत आपापल्या खणात टाकायला एक बाई होती. तिला सगळी घरं ठाऊक. तिला शोधा.”

ती गंगेवर, म्हणजे गोदाकाठच्या फुलबाजारात सापडली. मखमलाबादचा झेंडू आणि शेवंती घेऊन बसते. मी काकांचं नाव काढलं.

“हायेत का अजून ते? मला वाटलं गेले. सत्काराला बोलावता का?”

“काम आहे. खिळे परत लावायचे आहेत.”

“मग ठीक. शाल-नारळ असंल तर येत नाय. शालीनं काय झेंडू झाकू? रोज काय देता?”

सातशे ठरले. मी समितीची सभा बोलावली आणि सांगितलं, पुरस्काराच्या खऱ्या चेकवर मी सही केलेली नाही आणि करणार नाही. दोन सह्या लागतात. त्यातली एक माझी.

“चेक तर स्टेजवर दिला की,” अध्यक्ष म्हणाले.

“तो फ्लेक्सचा. तो सरांकडेच राहू द्या.”

“हा माझा अपमान आहे,” सर म्हणाले. “मी निःस्वार्थपणे जतन केलं.”

“मग पैसे नकोच असतील,” एक सभासद बोलला. त्याने दहा वर्षांत सभेत काढलेला हा पहिला शब्द होता, आणि तो शहाणपणातून नव्हे, पोहे निवतात म्हणून काढलेला होता. पुरस्काराचे पंचवीस हजार खिळे मूळ जागी लावण्यावर खर्च करायचे, असा ठराव झाला. मी तो तसाच लिहून घेतला.

बाई दुपारी बाजार उरकून वाचनालयात यायची, पायरीवर फुलांची टोपली ठेवायची आणि लेबलं नखाने उचकटत कामाला बसायची. काका शेजारी खुर्चीवर. मी ऑफिसातून लवकर निघून नकाशा लिहायचो. पाचव्या दिवशी तिने क्ष चे खिळे उजव्या हाताजवळच्या मोठ्या खणात ओतले.

“एवढा मोठा खण क्ष ला?” मी म्हणालो.

“द्राक्ष,” दोघं एकदम म्हणाले. व्यापाऱ्यांची बिलं, औषधांची पत्रकं, पेट्यांवरची लेबलं. हंगामात क्ष पुरत नसे. म्हणून त्यांच्या उस्तादांनी पूर्वीचा खण बदलून तो हाताशी आणला होता. नाशिकमध्ये काय पिकत होतं आणि किती छापलं जात होतं, ते त्या खणाच्या आकारात होतं. सरांच्या व्यवस्थेत क्ष शेवटच्या कोपऱ्यात गेला होता, ज्ञ च्या शेजारी, लेबलासकट. पुरस्काराच्या मानपत्रात ‘इतिहास’ हा शब्द नऊ वेळा होता.

“बाई, तो अर्धा ल तिथं नव्हता,” काका मधेच म्हणायचे.

“तुम्ही नुसते उचलून फेकायचे. गप बसा.”

अकरा खण दोघांनाही सांगता आले नाहीत. ते रिकामे ठेवले. सरांनी त्यांत काहीतरी घालावं असं सुचवलं, बघायला बरं दिसतं म्हणून. शेवटच्या दिवशी काकांनी स्टिक घेतली आणि भिंतीकडे बघत एक ओळ जुळवली, वाचनालयाचा पत्ता. एकही खिळा परत ठेवावा लागला नाही. नकाशाचे तीन कागद मी दोन प्रतींत काढले. एक प्रत काकांना दिली, एक कपाटात आहे, आणि किल्ली माझ्याकडे आहे.

काकांनी फक्त रिक्षाभाडं घेतलं, एकोणीस दिवसांचे तीन हजार चाळीस. सगळा खर्च जाता पंचवीस हजारांतले आठ हजार सहाशे साठ उरले, ते खात्यातच आहेत. बाईला एकोणीस दिवसांची मजुरी, सातशेप्रमाणे तेरा हजार तीनशे रुपये, रोख. तिने नोटा दोनदा मोजल्या आणि पावतीवर सही केली.