जिन्याखालच्या वन्सं

ठेकेदार आणि आमचे हे, दोघं भांडत होते. मी डबा घेऊन वाळूच्या ढिगामागे उभी. मध्ये पडायची सोय नव्हती, म्हणून ऐकत राहिले.

"हा जिना आहे की घसरगुंडी? डावीकडे वळवायला सांगितला होता."

"नकाशा तुम्ही उलटा धरला होता, साहेब. मला दिसलं ते मी बांधलं."

"गवंडी तू की मी?"

"गवंडी मी. पण नकाशा तुमच्या हातात होता."

जिना भलतीकडे वळला तो वळलाच, आणि त्याच्या पोटात एक तिरकी जागा उरली. पुढे जेमतेम एक स्टूल आणि एक मशीन मावेल, मागे डोकं आपटेल. ठेकेदार म्हणाला, विटा लावून बुजव. हे म्हणाले, "बुजवण्यापेक्षा माझ्या थोरल्या बहिणीला बसू द्या. शिवणकाम करते. कुणी विचारलं तर सांगा, मुद्दाम ठेवलीय जागा." ठेकेदाराने वाकून त्या कोपऱ्यात डोकावून पाहिलं. मग म्हणाला, "बसू दे. नाहीतरी इथे कोण कुत्रं येणार आहे."

खरंच कुणी येत नव्हतं. बस जिथून वळून परत जायची, तिथे मोकळ्या माळावर आठ गाळ्यांची ती ओळ. किराणा, औषधं, खिळे-बिजागऱ्या, केस कापणारा, आणि बाकीची शटरं खाली. नाव मात्र शॉपिंग सेंटर.

वन्संचा नवरा कामाला म्हणून परगावी गेला तो गेलाच. मग त्या आपलं जुनं मशीन घेऊन आमच्या दोन खोल्यांत आल्या. स्वभावाने वाईट नव्हत्या, पण माझ्या ओट्यावरचे डबे रोज आपल्या मताने लावायच्या. मी ते परत माझ्या मताने लावायची. तोंडाने दोघी काही बोलत नव्हतो, डबेच काय ते बोलायचे. भावाच्या घरी राहणाऱ्या बाईला दिवसा तरी टेकायला आपली म्हणावी अशी जागा लागते, हे वन्संना कळत होतं. मला जरा जास्तच कळत होतं.

तर त्या बसल्या, त्या तेहतीस वर्षं. लोक त्यांना जिन्याखालच्या मावशी म्हणायचे.

त्यांची एक खोड होती. पँट केवढीही लांब असो, कापड कापायचं नाही. सगळं आत दुमडायचं आणि बारीक तुरपाई घालायची.

"मावशी, कापून टाका की."

"उद्या उंची वाढली तर?"

"मी पंचेचाळीस वर्षांचा आहे."

"मग धाकट्या भावाला होईल."

सुरुवातीला लोक कपडा पुरवायला आणायचे. थोरल्याची विजार धाकट्याला, विरलेली कॉलर उलटून, पोरीच्या फ्रॉकची दुमड सोडून. मग माळावर घरं उठली, शाळा आली, बस दर तासाला झाली. गाळ्यांवर मजला चढला आणि तिथे चपला, फोटोवाला, कॉम्प्युटरचा क्लास आला. तेव्हापासून लोक कोऱ्या करकरीत पँटी, चिठ्ठीसुद्धा न काढलेल्या, तोकड्या करायला आणू लागले. वन्सं म्हणायच्या, "लोक बुटके झाले की पँटी लांब झाल्या, काही समजत नाही बाई."

त्या छताखाली बसून बसून त्यांची मान डावीकडे कलली. घरी पलंगावर बसल्या तरी तशाच, जणू वर जिना आहेच. हे असताना म्हणायचे, "ताई, मी जिना वाकडा बांधला, तू कशाला वाकडी होतेस?" पुढे हेही गेले. माझे गुडघे गेले. शॉपिंग सेंटर तेवढं वाढत राहिलं.

मग कुठल्याशा कंपनीने ते सगळं घेतलं. काचा लावायच्या, तळघरात गाड्या, मध्ये लिफ्ट. टाय लावलेला मॅनेजर वन्संकडे आला.

"आजी, नकाशात इथे काहीच नाही. इथून लिफ्ट जाणार."

"नकाशात नसेन. इथे आहे ना."

"तुमच्याकडे कागद आहे का?"

"कागदावर नाही बसत मी, स्टुलावर बसते."

तो हसला, पण महिन्याची मुदत देऊन गेला. त्या दिवशी घरी येऊन वन्संनी मला विचारलं, "अगं, मशीन घरात कुठे ठेवायचं?"

"खिडकीपाशी ठेवू."

"तिथे तुझी खुर्ची आहे."

"हलवू की."

"नको," म्हणाल्या, आणि उगाच ओट्यावरचे डबे पुसत बसल्या. मीही त्यांना थांबवलं नाही.

त्याच महिन्यात मॅनेजरने वॉचमनांच्या चाळीस पँटी पाठवल्या. सगळ्या एकाच मापाच्या, कापून तोकड्या करा म्हणून निरोप. वन्संनी खोडीप्रमाणे सगळ्या दुमडल्या आणि मुदत संपली तशा मशीन घेऊन घरी आल्या. पुढे काम उरकलं आणि उद्घाटनाला चार दिवस राहिले असताना वॉचमन पुरवणारा माणूस बदलला. नवे आले ते सगळे ताडमाड. पँटी त्यांच्या पोटऱ्यांवर. मॅनेजर जिने चढून आमच्या दारात, टाय खिशात.

"आजी, तुम्ही कापल्या तर नाहीत ना?"

"कापड आत आहे. पण उसवायला बसू कुठे? घरात जागा नाही." हे बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

तळघरात, पंपाच्या खोलीशेजारी, त्यांना जागा मिळाली. कागदासकट. नकाशात नखाएवढा चौकोन आणि त्यात 'शिवण दुरुस्ती'. वन्संनी तो कागद मला दोनदा दाखवला. मी बघायला गेले तर उजेड ट्यूबचा आणि गाड्यांचा धूर नाकात. मान सरळ ठेवण्याइतकी उंची होती, पण मान आता सरळ होत नव्हती.

"वन्सं, हरलात की जिंकलात?"

"बसले," त्या म्हणाल्या.

चार वर्षं तिथे बसल्या. खोकला तिथलाच. एका शुक्रवारी त्या गेल्या. त्याआधीच्या मंगळवारचं सांगते. मी म्हटलं, आज जाऊ नका. तर म्हणाल्या, "मागच्या गेटवरच्याची पँट द्यायचीय. त्याच्याकडे धड अशी तेवढीच आहे." मग मीही सोबत गेले. त्यांनी शेवटचं बटण लावलं, दोरा दाताने तोडला, पँट वर्तमानपत्रात गुंडाळली. अख्ख्या इमारतीला वळसा घालून आम्ही दोघी म्हाताऱ्या, तीनदा थांबत, मागच्या गेटला पोचलो.

"मावशी, मीच आलो असतो की खाली."

"आणि गेट कोण राखणार, मी?" त्यांनी पँट उलटी करून त्याला शिवण दाखवली. "धुताना अशी उलटी करून धुवायची. बायकोला सांग. नाहीतर तूच धू."

तो बरं म्हणाला. वन्सं परत खाली निघाल्या, मशीनवर झाकण घालायचं राहिलं होतं.