सकीनाच्या बहिणीचं गाव

सकीना मणियारीण बांगड्या भरायला बसली की हातांबरोबर तोंडही चालायचं, आणि विषय एकच, धाकटी बहीण मासूमा. मासूमाचा नवरा शफी मुंबईत एका सिंधी शेठच्या रेशमी कापडाच्या पेढीत होता. शेठनं स्पेन देशात, बार्सिलोना शहरात दुकान थाटलं आणि शफीला बायकोसकट तिकडे नेलं. शहरातलं भाडं झेपेना म्हणून दोघं जवळच्या मातारो गावात राहत. गाव थेट समुद्रावर. शफी सकाळी आगगाडीनं शहरात जायचा आणि अंधार पडल्यावर परतायचा. गाडी म्हणे लाटांना खेटून धावते, आणि उधाण आलं की खिडक्यांवर पाणी उडतं.

मी काझीपुऱ्यात सकीनाच्या बांगड्यांच्या दुकानासमोर राहायची, त्यामुळे हे सगळं मला पाठ झालं होतं.

"ताई, थोरली म्हणून माझं आधी उरकलं," सकीना म्हणायची. "थोडं थांबले असते तर तो समुद्र माझा होता." शफीनं हिला पत्करलं असतं कशावरून, असं माझ्या ओठांवर यायचं. पण माझा हात तिच्या मुठीत असायचा.

त्यांच्यात रीत अशी की प्रवासाला निघालेल्याच्या उजव्या दंडावर कापडात नाणं गुंडाळून बांधायचं. त्याला इमाम जामिन म्हणतात. मुक्कामी सुखरूप पोचलं की ते सोडून नाणं गरिबाला द्यायचं. मासूमा निघाली तेव्हा तो मान सकीनाचा होता. तिनं गाठ अशी करकचून आवळली की मासूमाच्या डोळ्यांत पाणी आलं. बहिणींची माया बघून स्टेशनावर सगळे गहिवरले. मी मात्र गाठ बघितली होती.

पस्तीस साली मासूमा माहेरपणाला आली. शेठला दुकानात आणखी एक माणूस हवा होता आणि शफीनं साडूसाठी, म्हणजे सकीनाच्या नवऱ्यासाठी, शब्द टाकला होता. सलाउद्दीन सावकाश बोलणारा माणूस, बापाचं दुकान मोडायला त्याचं मन होईना. सकीनानं त्याला दोन घास सुखानं खाऊ दिले नाहीत. शेवटी तो म्हणाला, "मासूमा निघायच्या आत सांग. तू म्हणशील तसं करू."

सकीना तर मनानं बोटीत बसलीच होती. राहिलं होतं ते बहिणीच्या तोंडून सगळं ऐकायचं. पण मासूमा लांब बाह्यांचा विलायती झगा घालून दिवसभर दुकानात बसायची, येईल त्या गिऱ्हाइकाशी बोलायची, आणि समुद्राचं काही विचारलं की "आहे, मोठा आहे" एवढंच म्हणायची.

"लपवतेय," सकीना मला म्हणाली. "आम्ही जाऊ नये म्हणून. एकटीलाच हवंय सगळं."

निघायच्या दिवशी मी निरोप द्यायला गेले होते. सकीनानं बहिणीला समोर बसवलं. "भुंड्या हातांनी जाऊ नकोस, लोक मला नावं ठेवतील." हिरव्या बांगड्या चढवायला तिनं बाही वर सारली, आणखी वर सारली, आणि थांबली. दंडावर तेच जुनं कापड होतं, विटलेलं. गाठ तीच होती, पण दंड इतका वाळला होता की आता आत दोन बोटं सहज गेली असती.

"हे पोचल्यावर सोडायचं असतं. विसरलीस?"

"विसरले नाही, आपा," मासूमा म्हणाली. "हे रोज गाडीनं जातात, रोज येतात. दिवसभर माझ्याशी बोलायला माणूस नाही. उन्हाळ्यात शहरातली बायका-पोरं समुद्रावर येतात, खेळतात, संध्याकाळच्या गाडीनं घरी जातात. मी खिडकीत बसून बघते. पोचले असं अजून वाटलंच नाही, मग सोडू कशी?"

सकीनानं हातातल्या हिरव्या बांगड्या खाली ठेवल्या. बाहेरून सलाउद्दीननं विचारलं, "मग शफीला काय सांगायचं?"

"दुकान मोडत नाही म्हणून सांगा," ती म्हणाली.

मग तिनं दातांनी ती गाठ सोडली. "आता पोचलीस," म्हणाली, आणि दारातल्या फकिराला नाणं देऊन आली. टांगा आला तेव्हा तिनं नवं कापड बांधलं. या वेळी गाठ सैल होती.

सकीनाचं जळणं मात्र थांबलं नाही. पुढच्या खेपेला माझ्या हातात बांगडी चढवता चढवता ती पुन्हा त्या गावावरच घसरली.

"ताई, एवढा मोठा समुद्र होता त्या गावाकडे," ती म्हणाली. "त्याला माझी बहीण कशाला हवी होती?"