डब्याला मी शिकवलेला आवाज

२०२४ साल. मला बहात्तर पुरे झाले होते, आणि सोनाळ्यात रानडुकराचा आवाज माझ्यासारखा काढणारा दुसरा माणूस नव्हता. ही फुशारकी नाही; पुढचं लिहायचं तर आधी हे लिहावं लागतं.

नात पुण्याहून एक डबा घेऊन आली. साबणाच्या वडीएवढा, पिकात डुक्कर शिरलं की लाल दिवा लावणारा. आत मेंदूच्या धर्तीवर बनवलेली चिप. सहा वर्षं ती कॉलेजात हीच चिप घडवत होती, आता दोन मैत्रिणींना घेऊन ती बाजारात आणायची होती. साधं यंत्र सदा जागं राहतं अन् बॅटरी खातं. हिची चिप पडून राहते, ओळखीचा आवाज आला की तेवढ्यापुरती उठते. एका सेलवर सारा हंगाम.

"म्हणजे आपल्या कुत्र्यावानी," मी म्हटलं. "डोये मिटले, कान उघडे."

"हाव आबा, तसंच! पण डुकराची ओळख तुमाले करून द्या लागते. मक्यात डुकराचा आवाज आला का हे बटन दाबजा. पंचवीस खेपा. मंग ते आपल्याआप शिकते. पंधरा दिवसांनी मोठ्या कंपनीचे साहेब पाहाले येऊन राह्यले. त्यायले पटलं तर बनवतीन, नाही तर आमचं दुकान बंद."

"मले नको शिकवू. साठ वर्सं राखण केली म्या."

खरी गोष्ट अशी, की दोन वर्षांपासून मला नीट ऐकू येत नव्हतं. घरात कोणाला माहीत नव्हतं. बोलणाऱ्याच्या ओठांकडे पाहून मी निभावत होतो. दिवस बुडताना मचाणीवर बसायचो. डुकरं धुऱ्याकडून, शेताच्या बांधावरून, शिरून मक्याची ताटं मोडून जायची, मला पत्ता नसे.

रविवारी नात पुन्हा पुण्याहून आली. "किती खेपा झाल्या?"

"सात," मी म्हटलं. एकही झाली नव्हती.

मग खोटं खरं करायला निघालो. डब्यासमोर उकिडवा बसलो, घशातून डुक्कर काढलं, बटन दाबलं. पंचवीस खेपा पुऱ्या केल्या. आजवर माणसं फसली, डबा काय चीज!

साहेब आले, तिघं. उन्हं उतरली आणि डुकरंही आली. मक्याचे शेंडे हलताना मी पाहिले. डबा गप्प. एका साहेबाने घड्याळ पाहिलं. माझा घसा खवखवला म्हणून मी खाकरलो, तर डब्यावरचा लाल दिवा भकभक पेटला. पुन्हा खाकरलो, पुन्हा पेटला.

"याला फक्त आजोबा ओळखता येतात," एक साहेब म्हणाला. त्याचे ओठ मला अगदी स्पष्ट दिसले.

सगळे हसले. नात हसली नाही. गाडी गेल्यावर ती धुऱ्यावर बसली.

"चिपच चुकली आबा. सहा वर्सं चुकीच्या रस्त्यानं चाललो आम्ही."

चिप चुकली नव्हती. शिकवलं ते ती बरोबर शिकली होती. हे मला तेव्हाच कळलं होतं. आणि मी काय केलं? "होते असं, माय," म्हटलं आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. डुक्कर काढल्याची लाज कमी, त्या हाताची जास्त. अजूनही आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती डबा पिशवीत घालून पहिल्या एसटीला निघाली. मी मागोमाग स्टँडवर गेलो.

"साहेबाले फोन लाव."

"काऊन?"

"लाव म्हनतो ना!"

तिने लावला. मी तो तोंडाशी धरला आणि बोललो. हळू बोललो की मोठ्याने, हेही आता मला कळत नाही. "साहेब, डबा बरोबर हाये. त्याच्यापुढं डुक्कर म्या काढलं. मले ऐकू येत नाही. दोन वर्सं झाली."

स्टँडवरची माणसं वळून पाहू लागली. नात माझ्याकडे बघतच राहिली. तिकडून काहीतरी उत्तर येत असावं. फोनला ओठ नसतात. मी तो तिच्या हातात दिला.